घोडा चुकला

शहाद्याला आमच्या अव्वल कारकुनांच्या ओसरीवर दर रविवारी पुण्याच्या घोड्यांच्या शर्यती होत. पुण्यात त्या आदल्या दिवशीच, शनिवारी, होऊन गेलेल्या असत. पण शर्यतींची यादी छापलेलं वर्तमानपत्र रेल्वेने दोंडाईच्याला, तिथून तापी ओलांडून टपालाच्या मोटारीने शहाद्याला पोचेपर्यंत रविवार उजाडायचा, आणि निकालाचं वर्तमानपत्र यायला मंगळवार. तोवर पुण्यातले घोडे शहाद्यापुरते धावायचे बाकी असत. त्या मधल्या दिवसांवर अव्वल कारकुनांचं राज्य होतं.

मी तेव्हा मामलेदार कचेरीत नवा नवा उमेदवार कारकून लागलो होतो. धुळ्याकडचा, बिनलग्नाचा, जेवणाची सोय त्यांच्याच घरी. गाव त्यांना रावसाहेब म्हणे. ही पदवी सरकारने दिलेली नव्हती, टांगेवाल्यांनी दिलेली होती. सरकारी पदवीसाठी लोक जेवढी खटपट करतात तेवढी यांना करावी लागली नव्हती, एवढाच काय तो फरक.

माणूस उंच, किडकिडीत. काळा अल्पाकाचा कोट, डोक्याला पगडी आणि गळ्यात कातडी पट्ट्याला अडकवलेली शर्यतीची दुर्बीण. पुण्याला नोकरीत असताना कुणा विलायतेला परत निघालेल्या गोऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यांनी ती घेतली होती. शहाद्यात शर्यत नव्हती, पण दुर्बिणीला काम भरपूर होतं. रविवारी गोमाईच्या काठच्या टेकाडावर चढून ते तिच्यातून टपालाच्या मोटारीचा धुरळा शोधत. इतर दिवशी कचेरीतल्या आपल्या जागेवरून मामलेदारसाहेब पलीकडच्या खोलीत काय लिहीत आहेत ते बघत. मामलेदारांना हे ठाऊक होतं. त्यांनी एकदा मोठ्या अक्षरात "दुर्बीण खाली ठेवा" असं लिहून कागद वर धरला होता म्हणे.

रावसाहेबांची एक पद्धत होती. तिला ते नुसतं "पद्धत" म्हणत, जशी आमच्याकडची माणसं सारंगखेड्याच्या जत्रेला नुसतं "जत्रा" म्हणून मोकळी होतात. घोड्यावर पैसे लावून लोक बुडतात ते घोड्यामुळे नव्हे, पद्धत नसल्यामुळे, असं त्यांचं ठाम मत. पद्धतीत घोड्याला प्रश्न विचारायचे. बाप कोण? पाठीवर कोण? पायाखाली जमीन कशी? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, मागच्या खेपेला हरला तो का हरला?

"जिंकलेल्या घोड्याला गाढवसुद्धा ओळखतं," ते मला सांगत. "त्यावर सगळे लावतात, म्हणून त्याला भाव मिळत नाही. हरलेला बघायचा. हरायला त्याच्याकडे काही सबळ कारण होतं का? असेल तर तो पुन्हा त्याच कारणाने हरणार नाही."

"मग दुसऱ्या कारणाने हरला तर?"

"ते पुढच्या खेपेला धरायचं."

या प्रश्नांच्याही आधी पद्धतीचा एक पहिला नियम होता आणि तो ते बोट वर करून सांगत. जो घोडा आपल्याला आवडतो त्याच्यावर कधीही लावायचं नाही. माया आली की माणूस घोड्याचे पाय बघत नाही, डोळे बघतो. आणि घोडा शर्यत डोळ्यांनी धावत नाही.

हे सगळं ऐकून मामलेदार कचेरीच नव्हे, निम्मं शहादं भारलं होतं. रविवारी दुपारी ओसरीवर पोस्टमास्तर येत, सरकी-पेंडीचे व्यापारी येत, दोन शाळामास्तर येत. मारवाडी गल्लीतले एक शेठजी तर जेवण आटोपून थेट लोडाशी येऊन बसत. रावसाहेब मोठ्याने यादी वाचत, घोड्याघोड्याला प्रश्न विचारत, आणि शेवटी एका घोड्याच्या नावावर बोट टेकवून डोळे मिटत. मंडळी सुस्कारा टाकत. मग काकूंचा, म्हणजे त्यांच्या कुटुंबाचा, चहा येई.

पावसाळ्यात तापीला पूर आला की दोन-तीन टपालं अडकून एकदम येत. यादी आणि निकाल एकाच पुडक्यात. अशा वेळी रावसाहेबांची सचोटी बघण्यासारखी असे. निकालाचं वर्तमानपत्र ते न उघडता काकूंच्या हवाली करत, आणि काकू ते देवघरात, सोवळ्याच्या फडताळात ठेवत. तिथे कुणी हात लावणं शक्यच नव्हतं. आपलं भाकीत सांगून झाल्याशिवाय रावसाहेब त्या खोलीच्या दिशेने पाणी प्यायलाही जात नसत. आठवडाभरापूर्वी धावून, न्हाऊन, दाणा खाऊन मोकळ्या झालेल्या घोड्याशी इतक्या इमानाने वागणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आणि मंगळवारी निकाल येई. बहुतेक वेळा बोट ठेवलेला घोडा मागेच कुठे तरी राहिलेला असे. रावसाहेब निकाल दोनदा वाचत, चष्मा पुसत, आणि शांतपणे म्हणत, "पद्धत बरोबर होती. घोडा चुकला."

हे ते इतक्या खात्रीने म्हणत की ऐकणाऱ्याला त्या घोड्याची कीव येई. एवढा समजावून सांगितलेला घोडा, तरी चुकला.

एकदा पोस्टमास्तरांना मोह आवरला नाही. त्यांनी रावसाहेबांनी सांगितलेल्या घोड्यावर लावायला पुण्याच्या मेहुण्याला मनीऑर्डर केली. मनीऑर्डर अर्थातच शर्यतीनंतर पोचली. घोडा पडला, पैसे वाचले. पोस्टमास्तर पेढे घेऊन आले तेव्हा रावसाहेब म्हणाले, "उशिरा पोचणं हाही पद्धतीचाच भाग आहे." पोस्टमास्तरांनी मान डोलावली. सरकारी नोकरीत जन्म गेलेल्या माणसाला हे पटायला काहीच जड गेलं नाही.

पद्धत मग घोड्यांपुरती राहिली नाही. कचेरीत प्रत्येक गोष्टीला भाव निघू लागला. आमचा शिपाई सकाळी टेबलं पुसता पुसता विचारी, "रावसाहेब, आज मामलेदारना काय भाव शे?"

"तीनास एक. काल रात्री घरी पाहुणे होते, झोप झालेली नाही. रजा मागू नकोस."

"मन्ही सासू उनी शे, माले घर जावानं शे."

"मग दोनास एक. सासूचं नाव काढलंस तर त्यांना स्वतःची सासू आठवेल आणि दया येईल."

शिपायाला रजा मिळाली की पद्धत बरोबर, नाही मिळाली की मामलेदार चुकला.

रावसाहेब एक गोष्ट अभिमानाने सांगत. इतकी वर्षं शर्यतींचा अभ्यास करून ते आजवर एक पैही हरले नव्हते. हे अक्षरशः खरं होतं. त्यांनी आजवर एक पैही लावली नव्हती.

"हरायला आधी लावावी लागते," काकू आतून म्हणत.

पद्धतीचा नियमच तसा होता. मनात जराही शंका असेल तर लावायचं नाही. आणि रावसाहेबांच्या मनात शंका नाही असा घोडा अजून जन्माला यायचा होता. फार पुढे, एकदा आजारी असताना, त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. पुण्यात त्यांनी शर्यत पाहिली ती एकदाच, तीही कुंपणाबाहेरून. पुढे माणसांची भिंत. घोडे दिसलेच नाहीत. माणसांच्या डोक्यांवरून स्वारांच्या रंगीत टोप्या तेवढ्या झरझर सरकत गेल्या. "पण निळी टोपी पहिली आली बरं का," ते म्हणाले. "ती मी आधीच ओळखली होती."

खरा घोडा म्हणाल तर त्यांच्या आयुष्यात एकच होता, आणि ती घोडी होती. रहमानभाई टांगेवाल्याची.

रहमानभाई शहाद्याच्या जुन्या मुसलमान घराण्यातला. जाडजूड, दाढी मेंदीने रंगवलेली. रावसाहेबांना रोज घरून कचेरीत नेणं आणि आणणं हे त्याचं ठरलेलं काम. घोडी तांबडी, सडपातळ, डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा. आमच्या भागात त्याला आसूढाळ म्हणतात. डोळ्यातून आसू ढळावं तसा भोवरा, म्हणजे मालकाला रडवणारी घोडी. म्हणून तिला बाजारात कुणी विचारलं नव्हतं, आणि म्हणूनच म्हसावदच्या सासऱ्याने ती जावयाच्या गळ्यात मारली होती. रावसाहेब या भोवऱ्याला खदखदून हसत. केसांच्या भोवऱ्यावरून घोडा ठरवणारे हे अडाणी लोक, असं म्हणत. स्वतः मात्र शनिवारी हिरव्या टोपीचा स्वार असेल तर त्या घोड्याचा भाव अर्धा करत.

रोज सकाळी टांग्यात बसण्याआधी ते कोटाच्या खिशातून गुळाचा खडा काढून घोडीला देत. "अभ्यास," असं मला म्हणत. घोडी खडा खाऊन झाल्यावर त्यांच्या बाहीत तोंड खुपसून आणखी हुडके, आणि ते आखडत, लाजत, इकडेतिकडे बघत उभे राहत. अल्पाकाच्या कोटाची उजवी बाही कायम चिकट असे. काकूंनी ती धुवायचं सोडून दिलं होतं.

त्या साली दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या जत्रेआधी घोड्यांचा एक सौदागर आपला तांडा घेऊन शहाद्यावरून गेला. मुक्कामाला असताना त्याने रहमानभाईला घोडीवर बसून गोमाईवर पाणी पाजायला जाताना पाहिलं, आणि तो बघतच राहिला. टांग्याला जुंपलेली घोडी चारचौघींसारखी दुडके, पण पाठीवर बसलं की रेवाल चालायची. रेवाल म्हणजे पाय झपाझप पडतात पण पाठ हलत नाही, वर बसलेल्याला पाळण्यात बसल्यासारखं वाटतं. सारंगखेड्याला घोड्याची किंमत या चालीवर होते. तिथली शर्यतही चालीचीच. स्वाराच्या हातात पाण्याने भरलेला पेला द्यायचा. पेला हिंदकळला की बाद, आणि घोडा चाल सोडून पळाला तरी बाद. आमच्याकडे हे पाळण्यातल्या पोराला माहीत असतं.

सौदागराला ती घोडी हवी झाली. अशा जुन्या, शहाण्या घोडीच्या जोडीने चालवले की कोरे घोडे चाल शिकतात. रहमानभाई विकेना. तेव्हा सौदागराने पैज टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टांगा दारात आला, गूळ देऊन झाला, तरी रहमानभाई लगाम हातात घेईना.

"साहेब, एक गोट इचारनी शे."

"विचार."

"सौदागर म्हणस, जत्रामा त्याना घोडासंगे मन्ही घोडी चालाडू. मी जितनू ते त्यानी तरनी बछेरी मन्ही. हारनू ते हाई घोडी त्यानी."

रावसाहेबांनी टांग्याचा दांडा धरला. "अरे, ही तुझ्या पोटाची घोडी."

"तेच ना साहेब. आते ती थकी ऱ्हायनी. दोन साल टांगा ओढी, मंग मी काय करू? नवी लेवानी ताकद मन्हामा नही. मोटर सुरू व्हयनी तवयपासून सवारी बी कमी. बछेरी भेटनी ते पोरेसनं पोट चाली. नही भेटनी..." तो घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिला. "तुम्ही सांगा साहेब. लावू का नको? तुम्ही म्हणशात तसं."

मी शेजारी उभा होतो. रावसाहेबांचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणी तरी शर्यत व्हायच्या आधी विचारत होतं.

"अभ्यास करावा लागेल," ते म्हणाले.

त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली. ही गोष्ट कचेरीत इतकी नवी होती की मामलेदारांनी घरी कुणी गेलं का म्हणून शिपायाला पाठवलं. रावसाहेबांनी घोडीला गोमाईच्या वाळूत आणि ब्राह्मणपुरीच्या रस्त्यावर पळवून घड्याळ लावलं. रहमानभाईचं वजन करायला त्याला जिनिंगमधल्या कापसाच्या काट्यावर बसवलं. मग प्रश्न विचारले.

"हिचा बाप कोण?"

"म्हसावदना पाटीलना घोडा व्हता म्हणतस. पन पाटीलले कोनी इचारं नही."

"हं. मागच्या खेपेला का हरली?"

"ती कधी हारनीच नही साहेब. ती कधी लागनीच नही."

हे उत्तर रावसाहेबांच्या जिव्हारी लागलं असावं. त्यांनी खिशातून घड्याळ काढलं आणि न बघताच परत ठेवलं. तेवढ्यात रहमानभाई म्हणाला, "साहेब, चालनी शर्यत म्हणजे कशी ऱ्हास, तिन्हामा पेला..."

"नियम मला सांगू नकोस, रहमान," रावसाहेब हात वर करून म्हणाले. "जगभर नियम एकच. जो पुढे तो पहिला."

रहमानभाईने माझ्याकडे पाहिलं. एवढा शिकलेला, दुर्बीणवाला माणूस. त्याला जे पाळण्यातल्या पोराला ठाऊक आहे ते ठाऊक नसेल, हे त्याच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. माझ्याही आलं नाही. यात पुण्याचा काही तरी खोल अर्थ असेल असं धरून तो म्हणाला, "हां साहेब."

रात्री पानावर रावसाहेबांनी भाताला हात लावला नाही.

"काय निघालं?" काकूंनी विचारलं.

"सौदागराचा घोडा जिंकतो. बाप माहीत आहे, स्वार हलका आहे, पाय लांब आहेत. सगळी उत्तरं त्याच्या बाजूने. कुठेच शंका नाही."

"मग रहमानला सांगून टाका, नको म्हणून. त्यात जेवायचं का सोडायचं?"

"उद्या सांगतो."

सकाळी ते खरोखर सांगायच्या तयारीनेच बाहेर पडले. चेहरा ताठ, हात पाठीमागे. त्या दिवशी गूळही घेतला नव्हता. रहमानभाई टांग्यावरून उतरून समोर उभा राहिला. रावसाहेबांनी घसा साफ केला. आणि घोडीने मान लांबवून त्यांच्या उजव्या बाहीत तोंड खुपसलं. बाही हुंगली, चाटली, आणि गूळ नाही म्हटल्यावर मान तशीच त्यांच्या खांद्यावर टेकवून उभी राहिली.

"लाव," रावसाहेब म्हणाले.

कचेरीत गेल्यावर मी त्यांना गाठलं. "रावसाहेब, तुम्ही तर काल..."

"अरे, तिच्या तोंडावर कसं सांगू?" ते म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज रडकुंडीला आलेला मी पहिल्यांदा ऐकला. "ती ऐकत होती."

संध्याकाळी त्यांनी रहमानभाईकडे जाऊन शब्द मागे घ्यायचा यत्न केला. पण तोवर उशीर झाला होता. रहमानभाईने सौदागराला होकार कळवला होता आणि बाजारभर सांगून टाकलं होतं, "साहेबनी जबान शे." रावसाहेबांनी आधीच जबान दिली म्हटल्यावर गावालाही धीर आला. शिपायाने सासूकडून पैसे घेऊन घोडीवर लावले. शेठजींनी लावले. पोस्टमास्तरांनी या खेपेला मनीऑर्डर न करता रोख लावले. जो तो रस्त्यात थांबवून रावसाहेबांना नमस्कार करू लागला. ते नमस्कार घेत आणि आजाऱ्यासारखे घरी येत. पहिला नियम मोडला होता, शंका नसलेल्या घोड्याविरुद्ध सांगितलं होतं, आणि त्यांच्या शब्दावर एका माणसाची भाकरी टांगलेली होती. मला त्यांचं हसू येत होतं आणि कीवही.

जत्रेत रावसाहेब पहिल्यांदाच आले. तापीकाठी घोडेच घोडे, धूळ, गोडेतेलाचा वास, देवळाकडून येणारा घंटेचा आवाज. मैदानाच्या पार कडेला एका सोडलेल्या बैलगाडीवर चढून ते दुर्बीण लावून उभे राहिले. मला म्हणाले, "तू रहमानजवळ जा. त्याच्याजवळ कुणी तरी असू दे." मी दुसऱ्या टोकाला, जिथे शर्यत संपायची तिथे जाऊन उभा राहिलो.

पंचांनी दोन्ही स्वारांच्या हातात काठोकाठ पेले दिले. घोडे निघाले. अर्ध्या वाटेपर्यंत सौदागराचा घोडा देखणा चालला, यात वादच नाही. मग रहमानभाईची घोडी हळूहळू त्याच्या बरोबरीला आली. पाय दिसेनात इतके झपाझप, आणि वर रहमानभाई पेढीवर बसलेल्या शेठजीसारखा निवांत. शेजारची घोडी पुढे सरकतेय हे त्या तरण्या घोड्याला सोसवलं नाही. त्याने मान झटकली, चाल सोडली आणि तो उधळला. पेल्यातलं पाणी स्वाराच्या तोंडावर. घोडा वाऱ्यासारखा रेघ ओलांडून, माणसांमधून, पार जिलबीच्या दुकानापर्यंत गेला. सगळं मैदान हसत सुटलं. घोडी मागून आली, आपल्या चालीने, कुठलीही घाई न करता. रेघेवर रहमानभाईने तिला थांबवलं आणि हातातल्या पेल्यातलं पाणी सगळ्यांसमोर पिऊन टाकलं. त्याला तहान लागली होती, असं तो नंतर म्हणाला.

पंचांनी त्याचा हात वर केला. बछेरीचा दोर त्याच्या हातात आला. शिपाई नाचत होता. रहमानभाई माझा दंड धरून एकच विचारत होता, "साहेब कथा शेतस? साहेबले बलावा."

बैलगाडीवर रावसाहेब नव्हते. बऱ्याच शोधानंतर सौदागराच्या राहुटीकडून ते येताना दिसले. पगडी सरळ, पावलं सावकाश. चेहऱ्यावर एक प्रकारची शांती होती.

"झालं," ते मला म्हणाले. "घोडी सोडवली. रहमानला सांग, काळजी करू नकोस."

"सोडवली म्हणजे?"

"सौदागर भला माणूस निघाला. मी म्हटलं, हमारी घोडी रहने दो, उसके बदले ये लो. त्याने माझ्याकडे बघितलं, दुर्बिणीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. म्हणाला, जैसी आपकी मर्जी. एका शब्दाने घासाघीस केली नाही."

तेव्हा मला दिसलं. त्यांच्या गळ्यात दुर्बीण नव्हती. इतक्या वर्षांच्या पट्ट्याने अल्पाकाच्या कोटावर पाडलेली फिकट रेघ तेवढी उरली होती.

"रावसाहेब," मी म्हणालो, "पण आपण जिंकलो."

त्यांना ते कळेना. मी त्यांना खाली बसवून सगळं सांगितलं. चाल, पेला, पळाला तो बाद. दुर्बिणीतून त्यांना पुढे गेलेला घोडा स्वच्छ दिसला होता. बाकी काही दिसलं नव्हतं. लोक हसत होते ते आपल्या घोडीला, असं त्यांनी धरलं होतं.

"म्हणजे जो पुढे गेला तो हरला?"

"हो."

"आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं?"

"सगळ्यांना."

त्यांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "म्हणजे जिंकलेल्या घोडीवर हरलेला मी एकटाच." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच, नवल वाटावं तसं, "पण घोडी बरोबर होती."

रहमानभाईला कळलं तेव्हा तो बछेरीचा दोर माझ्या हातात देऊन राहुटीकडे धावला. राहुटी उठली होती. सौदागर घोडे घेऊन तापीपार गेला होता. पलीकडच्या काठावर कुणी तरी उभं राहून डोळ्याला काही तरी लावून आमच्याकडे बघत होतं, असं शिपाई शपथेवर सांगतो. शिपायाच्या शपथेला भाव कमीच.

घरी काकूंनी सगळी हकीकत ऐकून घेतली. त्या रागावतील म्हणून मी आधीच दाराकडे सरकून बसलो होतो. त्यांनी नवऱ्याच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चला, लावली म्हणायची एकदाची." मग ताटात साखरभात वाढला. तो सणावारालाच होई.

पुढच्या रविवारी रावसाहेब नेहमीप्रमाणे गोमाईच्या टेकाडावर गेले. टांग्याला आता बछेरी होती. जुनी घोडी मागे मोकळी चालत होती, बाहीच्या अंतरावर. टेकाडावर उभं राहिल्यावर त्यांचा हात सवयीने छातीशी गेला, तिथे काही सापडेना, आणि तो तसाच कोटाच्या गुंडीशी घुटमळत राहिला. मला बघवेना. रहमानभाईलाही बघवलं नसावं. तो टांग्याच्या बैठकीवर चढून उभा राहिला, डोळ्यांवर हाताची झापड धरली आणि सारंगखेड्याच्या रस्त्याकडे बघू लागला.

"साहेब, धुळ्ळा दिसी ऱ्हायना. मोटरच शे."

"नक्की?"

"मोटरच शे साहेब. बठा तुम्ही."

त्यानंतर मी शहाद्यात होतो तोवर दर रविवारी हे असंच चाले. रहमानभाई उभा राहून रस्ता बघे आणि रावसाहेब खाली बसून त्याच्या डोळ्यांवर विसंबत. त्या पहिल्या दिवशी मात्र धुरळा जवळ जवळ येत गेला, मोठा झाला, आणि त्यातून टपालाची मोटार नव्हे तर चरून परतणाऱ्या म्हशी निघाल्या. रहमानभाई ओशाळून बैठकीवरून खाली उतरला. त्याच्याने मान वर करवेना.

रावसाहेबांनी खिशातून गूळ काढला, घोडीला दिला, आणि त्याच्या खांद्यावर चिकट हात ठेवला.

"तुझं बरोबर होतं, रहमान," ते म्हणाले. "मोटार चुकली."